सुरेशबाबू माने

सुरेशबाबू माने (जन्म: १९०२, मृत्यू: १५ फेब्रुवारी १९५३, मूळ नाव: अब्दुल रेहमान) हे किराणा घराण्याचे हिंदुस्थानी शास्त्रीय गायक, संगीत रंगभूमीवरील नट आणि संगीतगुरू होते. उस्ताद अब्दुल करीम खाँ व ताराबाई माने यांचे ते ज्येष्ठ पुत्र. हिराबाई बडोदेकर, कमलाबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे या त्यांच्या भगिनी. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, प्रभा अत्रे यांसारख्या गायकांना त्यांची तालीम मिळाली. किराणा घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजविणाऱ्या पहिल्या पिढीत त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे. तरीही वडील, बहिणी आणि शिष्य या तिन्ही बाजूंनी कीर्तिमान माणसांनी वेढल्यामुळे त्यांचे नाव बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी चरित्रातच वाचावयास मिळते.

कौटुंबिक पार्श्वभूमी

अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) हे मूळचे उत्तर प्रदेशातील कैराना गावचे. याच गावावरून घराण्याला किराणा हे नाव पडले. ऐन तारुण्यात ते बंधू अब्दुल हक यांच्यासह बडोद्याच्या दरबारी आले. तेथील राजघराण्याशी संबंध असलेले सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई यांना ते गाणे शिकवू लागले. पुढे दोघांनी विवाहाचा निर्णय घेतला. घरच्यांचा विरोध मोडून एका मराठा सरदाराच्या मुलीने मुसलमान गवयाशी संसार मांडणे ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साधी गोष्ट नव्हती, आणि त्यांना बडोदे सोडावे लागले. ही मंडळी प्रथम मुंबईस व नंतर मिरजेस आली. मिरज हे तंबोऱ्याच्या कारागिरांचे गाव. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यावर खाँसाहेबांची श्रद्धा जडली आणि मिरज हेच त्यांचे घर झाले.

या दांपत्याला पाच अपत्ये झाली. थोरले अब्दुल रेहमान, त्यांच्या पाठची चंपाकली, मग गुलाब, कृष्णराव आणि सर्वांत धाकटी सकीना. हीच भावंडे पुढे अनुक्रमे सुरेशबाबू, हिराबाई, कमलाबाई, कृष्णराव माने व सरस्वतीबाई या नावांनी महाराष्ट्राला परिचित झाली. एकाच घरातील इतकी भावंडे संगीतात नाव मिळवितात असे उदाहरण मराठी संगीताच्या इतिहासात फारसे आढळत नाही.

बालपण व तालीम

सुरेशबाबूंचे पहिले गुरू त्यांचे वडीलच. खाँसाहेबांचे घर म्हणजे एक चालते-बोलते गुरुकुल होते. त्यांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालविले. तेथे विद्यार्थी गुरूच्या घरीच राहत, पहाटे उठून खर्ज लावीत, आणि विद्यालयाचा खर्च भागविण्यासाठी खाँसाहेब विद्यार्थ्यांसह ठिकठिकाणी जलसे करीत. मुलांना सुरांची ओळख अक्षरांच्या ओळखीबरोबरच झाली.

याच काळात खाँसाहेबांच्या गळ्याचा उपयोग एका वेगळ्या कामासाठीही होत होता. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स हे बावीस श्रुतींचा प्रश्न मोजमापाने सोडवू पाहत होते. कोणता स्वर नेमका किती उंचीवर लागतो हे पडताळण्यासाठी त्यांना अब्दुल करीम खाँ यांच्याइतका खात्रीचा गळा दुसरा मिळाला नाही. श्रुतींच्या त्या सिद्धान्ताविषयी नंतर पुष्कळ वाद झाले. मात्र स्वराचा कण न् कण तपासून पाहण्याची ही वृत्ती सुरेशबाबूंच्या घरचीच होती, हे त्यांच्या पुढच्या गायकीच्या दृष्टीने ध्यानात ठेवावे लागते.

१९२०च्या आगेमागे ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून विभक्त झाल्या. या ताटातुटीची कारणे सांगणाऱ्यांनी आपापल्या कलानुसार सांगितली आहेत. तिचा परिणाम मात्र स्पष्ट आहे. ताराबाईंनी सर्व मुलांची नावे बदलली आणि त्यांना पित्याच्या नावाऐवजी माहेरची व माहेरच्या गावाची ओळख दिली. अब्दुल रेहमानचे सुरेशबाबू माने झाले आणि मुलींनी बडोदेकर हे आडनाव लावले. ज्या गायकीचा वारसा सुरेशबाबूंना अंगोपांगी लाभला होता, तिच्या प्रवर्तकाचे नाव लावण्याची सोय त्यांच्यापाशी उरली नाही. घराण्याच्या जगात पित्याच्या नावाला जे वजन असते ते पाहता हे नुकसान लहान नव्हते. खाँसाहेबांची गादी पुढे सवाई गंधर्व, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, बेहरेबुवा, रोशनआरा बेगम अशा शिष्यांच्या नावाने ओळखली गेली. पोटच्या मुलाचे नाव त्या यादीत बहुधा शेवटी येते, किंवा येतच नाही.

वडिलांचे छत्र गेल्यावर सुरेशबाबूंना उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची तालीम मिळाली. वहीद खाँ हे अब्दुल करीम खाँ यांचे नातलग आणि किराणा घराण्याचा दुसरा आधारस्तंभ. ऐकू कमी येत असल्यामुळे त्यांना बेहेरे वहीद खाँ म्हणत. अब्दुल करीम खाँ यांचे गाणे भावविभोर, तर वहीद खाँ यांचे गाणे विचारी, संथ आणि पायरीपायरीने चढणारे. एका स्वराभोवती किती वेळ थांबता येते आणि तरी रागाचा कंटाळा येऊ न देता पुढच्या स्वराचे दार कसे उघडावे, हे वहीद खाँ यांच्याकडून शिकण्याजोगे होते. हिराबाईंनाही त्यांची तालीम लाभली. मात्र हिराबाईंचे प्रारंभीचे शिक्षण त्यांच्या थोरल्या भावाकडेच झाले होते, ही गोष्ट अनेकदा निसटते.

नूतन संगीत विद्यालय

पाच मुलांचा भार एकट्या ताराबाईंवर होता. कुटुंब पुण्यात स्थिरावले आणि नूतन संगीत विद्यालय सुरू झाले. शिकविण्याची मुख्य जबाबदारी सुरेशबाबूंकडे होती. मध्यमवर्गीय घरांतील मुलींनी गाणे शिकावे की नाही यावर तेव्हा पुण्यात मोठा काथ्याकूट चाले. गाणारी बाई म्हणजे कोठीवरची बाई, ही समजूत पक्की होती. अशा वातावरणात ज्या घरातील मुली स्वतः गातात त्या घरी आपल्या मुली शिकावयास पाठविणे पालकांना धीराचे वाटले असावे. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर जलसे केले, बैठकीत साधेपणाने बसून, हातवारे टाळून ख्याल गाइला, आणि पुढच्या पिढीतील स्त्री-गायिकांचा मार्ग मोकळा केला. या कामगिरीचे श्रेय योग्य रीतीने हिराबाईंना दिले जाते. त्यामागची तालीम कोणाची, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही.

रंगभूमी आणि चित्रपट

१९२०च्या दशकाच्या अखेरीस विद्यालयाची नाट्यशाखा निघाली. बालगंधर्वांच्या काळात मराठी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुष नट करीत. माने-बडोदेकर भावंडांनी हा रिवाज बाजूस सारून स्त्री-पुरुषांची एकत्र मंडळी उभी केली, आणि भाऊ व बहिणी एकाच रंगमंचावर उभे राहिले. संगीत सौभद्र आणि संगीत संशयकल्लोळ यांसारखी लोकप्रिय नाटके या मंडळींनी केली. गाण्याच्या बाजूने प्रयोगांना तोटा नव्हता. व्यवहाराच्या बाजूने मात्र काळ प्रतिकूल होता. १९३१-३२ पासून बोलपट आले. नाटकाच्या तिकिटाहून कमी पैशात गाणे, चेहरे आणि देखावे सारे मिळू लागले, आणि एकामागून एक नाटकमंडळ्या बसल्या. या मंडळीवरही कर्जाचा डोंगर झाला. ते फेडण्यासाठी हिराबाईंना गावोगाव मैफली कराव्या लागल्या.

ज्या बोलपटाने नाटकमंडळ्या मोडल्या त्याच बोलपटाने सुरेशबाबूंना काही काळ हात दिला. प्रभात फिल्म कंपनीने १९३३ मध्ये कोल्हापुराहून पुण्यास बिऱ्हाड हलविले आणि तेथे काढलेला पहिला चित्रपट म्हणजे व्ही. शांताराम यांचा अमृतमंथन (१९३४). त्यात सुरेशबाबूंनी माधवगुप्ताची भूमिका केली. नलिनी तर्खड व शांता आपटे त्यांच्यासोबत होत्या, आणि संगीत केशवराव भोळे यांचे होते. पुढच्याच वर्षी चंद्रसेना या पौराणिक चित्रपटात ते रामाच्या भूमिकेत दिसले. पार्श्वगायनाची पद्धत अजून रूढ झाली नव्हती. पडद्यावर दिसणाऱ्यानेच गावे लागे, म्हणून गाता गळा असलेल्या नटांना मागणी होती. चित्रपटात त्यांचा जीव रमला असे मात्र दिसत नाही. नट म्हणून ते फार काळ टिकले नाहीत आणि पुन्हा गाण्याकडे वळले.

गायकी

किराणा घराण्याचा भर स्वरावर. बंदिशीचे शब्द, लयीचे खेळ, तानांची फेक यांना तेथे दुय्यम स्थान असते, आणि स्वर लावण्याच्या पद्धतीतूनच रागाचे रूप उभे केले जाते. या गायकीचे मूळ बीनवादनाशी जोडले जाते. प्रख्यात बीनकार बंदे अली खाँ यांना घराण्याचे आद्य पुरुष मानतात, आणि योगायोग असा की त्यांचा अखेरचा काळ पुण्यात गेला व त्यांची समाधीही पुण्यातच आहे. बीनेच्या तारेवर एक आघात दिल्यावर मींडेने चारपाच स्वर ओढून घ्यावेत, तशी सलग आलापी हे या घराण्याचे वैशिष्ट्य.

सुरेशबाबूंच्या गायकीत दोन धारा एकत्र आल्या. वडिलांकडून त्यांनी स्वराचा गोडवा, तंबोऱ्याशी एकजीव होण्याची ओढ आणि ठुमरीची नजाकत घेतली. वहीद खाँ यांच्याकडून विलंबित ख्यालाची शिस्तबद्ध बढत घेतली. अब्दुल करीम खाँ यांचे गाणे पुष्कळदा भावनेच्या आवेगात रचना विसरे. वहीद खाँ यांचे गाणे रचनेच्या ध्यासात सामान्य श्रोत्याला जड वाटे. या दोहोंचा मेळ घालणे हे बोलण्यास सोपे आणि करण्यास अवघड काम आहे. ते ज्या थोड्या गायकांना साधले त्यांत सुरेशबाबूंची गणना जाणकार करतात. त्यांची ठुमरी विशेष नावाजली गेली. उत्तरेकडील ठुमरीतील शब्दांचे नखरे कमी करून, स्वरांच्या लहान लहान वळणांतून भाव सुचविणारी जी ठुमरी महाराष्ट्रात रूढ झाली, तिच्या घडणीत त्यांचा वाटा आहे.

कर्नाटक संगीताशी असलेले नाते

किराणा गायकीचा विचार दक्षिणेला वगळून करता येत नाही. अब्दुल करीम खाँ यांचा कर्नाटक संगीताशी संबंध हा हौसेपुरता नव्हता. ते म्हैसूरच्या दरबारात जात, तेथून त्यांना संगीतरत्न ही पदवी मिळाली. धारवाड, हुबळी या भागांत त्यांचे वास्तव्य वारंवार घडे. धारवाडला गंगूबाई हनगल यांच्या मातोश्री अंबाबाई या कर्नाटक पद्धतीच्या गायिका होत्या, आणि खाँसाहेब त्यांचे गाणे मुद्दाम ऐकावयास जात. अंबाबाईंचे नाव आज त्यांच्या मुलीमुळेच टिकून आहे. त्यांच्यासारख्या किती कर्नाटक गायिकांचे गाणे हिंदुस्थानी गवयांच्या कानांतून त्यांच्या गळ्यात उतरले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. खाँसाहेबांनी त्यागराजांची खरहरप्रिया रागातील रचनाही ध्वनिमुद्रित केली. उत्तरेकडील एखाद्या उस्तादाने तेलुगू कृती गाऊन ती तबकडीवर यावी, ही त्या काळी अपूर्व घटना होती.

या संपर्काचा सर्वांत टिकाऊ परिणाम म्हणजे सरगम. कर्नाटक संगीतातील कल्पनास्वरांत गायक स्वरांची नावे उच्चारीत तालात विस्तार करतो. अब्दुल करीम खाँ यांनी ही रीत ख्यालात व ठुमरीत आणली. नाके मुरडणाऱ्यांना ती शाळकरी घोकंपट्टी वाटली. पण सा रे ग म ही केवळ अक्षरे न राहता भावाचे वाहन होऊ शकतात, हे किराणा गायकांनी दाखवून दिले. सुरेशबाबू याच वातावरणात वाढले होते. त्यांच्या शिष्या प्रभा अत्रे यांनी पुढे सरगम याच विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली आणि मैफलीत सरगमला प्रतिष्ठा दिली. त्यांच्यावर उस्ताद अमीर खाँ यांचाही ठसा होता, परंतु ज्या घरात त्यांचे कान तयार झाले ते घर सुरेशबाबूंचे होते.

१९३७ साली खाँसाहेब दक्षिणेच्या दौऱ्यावर असताना, पाँडिचेरीस जाण्याच्या वाटेवर, सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा रेल्वे स्थानकावर त्यांचे देहावसान झाले. त्यांचा देह मिरजेस आणून दर्ग्याच्या परिसरात दफन करण्यात आला. तेथे उरसाच्या वेळी आजही गवई हजेरी लावतात.

गुरू म्हणून कार्य

सुरेशबाबूंच्या आयुष्यातील सर्वांत ठोस काम शिकविण्याचे. थोरला भाऊ म्हणून त्यांनी प्रथम बहिणींना शिकविले. सरस्वती राणे यांना वडिलांनंतर मुख्यतः त्यांची व हिराबाईंची तालीम मिळाली. पुढे हिराबाई व सरस्वतीबाई या दोघी भगिनींनी मिळून गाइलेल्या जुगलबंदीला देशभर मान मिळाला. स्त्रियांनी जोडीने ख्याल गाण्याची ती सुरुवातीची उदाहरणे होत. दोन वेगवेगळ्या प्रकृतीचे गळे एकमेकांत इतके सहज मिसळतात याचे एक कारण दोघींच्या तालमीचा एकच उगम हे असले पाहिजे.

घराबाहेरच्या शिष्यांत माणिक वर्मा (माहेरच्या दादरकर) यांचे नाव प्रथम येते. त्यांच्या भावगीतांनी आणि गीतरामायणातील सहभागाने त्या घरोघरी पोहोचल्या, तरी त्यांच्या गळ्यातील नेमकेपणा किराणा तालमीचा आहे. वसंतराव देशपांडे हे त्याउलट कोणत्याही एका घराण्यात न मावणारे गायक. त्यांनी नागपूरच्या शंकरराव सप्रे यांच्यापासून भेंडीबाजारच्या अमान अली खाँ यांच्यापर्यंत अनेकांकडून घेतले. लष्कराच्या हिशेब खात्यातील नोकरीमुळे ते पुण्यात असताना सुरेशबाबूंकडेही शिकले. वसंतरावांच्या वेगवान, चमत्कृतिपूर्ण गाण्यात किराण्याचा ठहराव शोधणे विचित्र वाटेल. पण त्यांच्या ठुमरीत व नाट्यपदांतील मोकळ्या आलापीत तो कानाला जाणवतो.

प्रभा अत्रे (१९३२–२०२४) यांचा सुरेशबाबूंकडे प्रवेश काहीसा अनपेक्षित होता. त्यांच्या आईची प्रकृती ठीक नसे. मन रमावे म्हणून कोणी गाणे शिकण्याचे सुचविले. आईचे शिक्षण थोड्याच दिवसांत थांबले, मुलीचे मात्र चालू राहिले. घरात गाण्याची परंपरा नसलेली ही मुलगी काही काळाने सुरेशबाबूंकडे आली आणि त्यांच्या मृत्यूपर्यंत त्यांच्याकडे शिकत राहिली. त्यानंतर तिने हिराबाईंचे मार्गदर्शन घेतले. घराण्याच्या रक्ताबाहेरच्या, विज्ञान व कायदा शिकलेल्या मुलीला गुरुशिष्य परंपरेतील विद्या हात राखून न ठेवता देणे हे त्या पिढीतील सर्वच उस्तादांना जमले नाही. सुरेशबाबूंच्या शिष्यवर्गाकडे पाहता ते त्यांना सहज जमले असे म्हणावे लागते.

उपेक्षा आणि स्मृती

सुरेशबाबूंचे १५ फेब्रुवारी १९५३ रोजी निधन झाले. वय पन्नाशीच्या आसपास. हिंदुस्थानी गायकाच्या दृष्टीने हे वय गाणे पिकण्याचे असते. संगीत नाटक अकादमीचे पुरस्कार तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. आकाशवाणीचा राष्ट्रीय कार्यक्रम बाल्यावस्थेत होता आणि लाँगप्ले तबकडी, जिच्यावर अर्धा राग तरी सलग ऐकवता येतो, ती भारतीय बाजारात रुजायची होती. हिराबाईंना १९६५ मध्ये अकादमीचा पुरस्कार व १९७० मध्ये पद्मभूषण मिळाले. सुरेशबाबू या साऱ्या व्यवस्थेच्या उंबरठ्यावरच थांबले. त्यांची जी थोडी ध्वनिमुद्रणे मिळतात त्यांत तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांचाच काळ बोलतो. विलंबित बढत हे ज्याचे बलस्थान, त्या गायकाला तीन मिनिटांवरून जोखणे अन्यायाचेच आहे.

एक योगायोग येथे नोंदविण्यासारखा आहे. अब्दुल करीम खाँ यांचे पट्टशिष्य सवाई गंधर्व १९५२ मध्ये निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ पासून संगीत महोत्सव सुरू झाला. भीमसेन जोशी यांच्या कष्टांमुळे तो देशातील अग्रगण्य उत्सव ठरला. त्याच वर्षी, त्याच शहरात, खाँसाहेबांचे थोरले पुत्र गेले. त्यांच्या नावाचा समारोह सुरू होण्यास जवळजवळ चार दशके लागली. प्रभा अत्रे यांनी १९९०च्या दशकात मुंबईत सुरेशबाबू-हिराबाई स्मृती संगीत समारोह सुरू केला आणि पुढची अनेक वर्षे तो चालविला. त्यात नामवंतांबरोबर तरुण गायक-वादकांनाही व्यासपीठ मिळत गेले.

उपेक्षेची कारणे केवळ बाहेरची नव्हती. मैफलींचे दौरे आखणे, संस्थानिकांच्या व श्रीमंतांच्या ओळखी राखणे, स्वतःच्या नावाचा बोलबाला करणे या गोष्टी सुरेशबाबूंच्या स्वभावात नव्हत्या. यशाविषयीची त्यांची उदासीनता समकालीनांना ठाऊक होती. कुटुंबाच्या चरितार्थाचा भार प्रत्यक्षात बहिणींच्या, विशेषतः हिराबाईंच्या मैफलींवर होता, आणि सुरेशबाबूंची विद्या त्या मैफलींच्या मागे तालमीच्या रूपाने उभी राहिली. अब्दुल करीम खाँ यांचे विस्तृत चरित्र शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी लिहिले. हिराबाईंविषयीही भरपूर लिखाण आहे. सुरेशबाबूंविषयीची माहिती मात्र या चरित्रांतून, शिष्यांच्या मुलाखतींतून आणि जुन्या चित्रपटांच्या श्रेयनामावलींतून वेचावी लागते.